अठरा वर्षांच्या पोराचा कार विमा इतका महाग का? आणि आपल्याकडे तो स्वस्त कसा?

(ज्यांना भाग ऐकायला सवड नाही त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलण्यातले "म्हणजे" आणि "बरं का" जमतील तेवढे काढलेत, थोडे राहिलेत.)

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणाऱ्या एका ताईंनी ती पाठवली. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा झाला आणि पहिल्याच खेपेत ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला. घरच्यांनी त्याच्यासाठी अठराशे पौंडांची एक जुनी, छोटी हॅचबॅक बघून ठेवली. मग विम्याचं कोटेशन आलं. वर्षाला सव्वीसशे पौंड!

ताई म्हणतात, "गाडीपेक्षा विमा महाग, हा काय प्रकार आहे? उद्या गाडीचा पार चेंदामेंदा झाला तरी कंपनी अठराशेच देणार ना? मग हे सव्वीसशे कशाचे? नागपूरला माझा भाऊ आहे, त्याच्या मुलाला तर विमा घेताना वयसुद्धा कुणी विचारलं नाही."

प्रश्न एकदम नेमका आहे. मी बरीच वर्षं पुण्यात मोटर विम्याच्या दाव्यांचं काम केलंय, म्हणून यावर थोडं सविस्तर बोलतो. आधी तिकडचं बघू, मग आपल्याकडचं. कारण लेस्टरचा महाग विमा कळला की नागपूरच्या स्वस्त विम्यात काय लपलंय तेही कळतं.

विमा गाडीचा, की गाडीसमोर येणाऱ्याचा?

आपण सगळेच "गाडीचा विमा" म्हणतो आणि गफलत तिथूनच सुरू होते. कार विम्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली तुमच्या गाडीचं नुकसान. दुसरी तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, म्हणजे थर्ड पार्टी. कायद्यानं सक्ती असते ती या दुसऱ्या भागाची. ब्रिटनमध्ये ही सक्ती १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टनं आली. आपल्याकडे ती मोटार वाहन कायद्यात आहे.

ताईंच्या मुलाच्या गाडीची किंमत अठराशे पौंड. पण त्या गाडीनं सिग्नलवर एखाद्या सायकलवाल्याला उडवलं आणि त्याच्या मणक्याला मार बसून तो आयुष्यभरासाठी व्हीलचेअरवर गेला, तर? त्याची बुडालेली कमाई, चोवीस तासांची देखभाल, घरात करावे लागणारे बदल, औषधं, हे सगळं पुढची चाळीस-पन्नास वर्षं. ब्रिटनमध्ये माणसाला झालेल्या इजेच्या भरपाईला विमा कंपनीसाठी वरची मर्यादाच नाही. अशा एका दाव्याची रक्कम कित्येक लाख पौंडांवर, कधीकधी कोटीच्या घरात जाते.

म्हणजे सव्वीसशे पौंडांतला मोठा हिस्सा त्या हॅचबॅकसाठी नाहीच. तो त्या सायकलवाल्यासाठी आहे, आणि गाडीत बसलेल्या मित्रांसाठी आहे. ब्रिटनमध्ये गाडीतल्या प्रवाशांनाही सक्तीच्या विम्याचं संरक्षण असतं. पोरांच्या गाडीत बसणार कोण? पोरंच. आणि जखमी जितका तरुण, तितकी देखभालीची वर्षं जास्त, तितकी भरपाई मोठी.

यात एक तांत्रिक भाग आहे, थोडक्यात सांगतो. पुढच्या पन्नास वर्षांचा खर्च आज एकरकमी द्यायचा, तर त्या पैशावर व्याज किती मिळेल हे आधी गृहीत धरावं लागतं. इंग्लंड-वेल्समध्ये हा दर सरकार ठरवतं. मार्च २०१७ मध्ये तो अडीच टक्क्यांवरून थेट उणे पाऊण टक्क्यावर आणला. व्याज कमी धरलं की आज द्यायची रक्कम वाढते, आणि सगळ्यात जास्त वाढते ती तरुण जखमींची. पुढे २०१९ मध्ये हा दर थोडा वर आला आणि जानेवारी २०२५ पासून तो अधिक अर्धा टक्का आहे. गाडी तीच, चालवणारा तोच, पण सरकारी कागदावरचा एक आकडा हलला की प्रीमियम हलतो.

एक सोपं गणित

आता आकडे मांडून बघू. हे आकडे समजण्यापुरते, माझ्या मनाचे आहेत. कुठल्या कंपनीचे नाहीत.

समजा एका बाजूला दहा हजार अनुभवी चालक आहेत, चाळिशी-पन्नाशीचे. वर्षभरात त्यांच्यातले चारशे जण किरकोळ धडका देतात. प्रत्येक दावा तीन हजार पौंडांचा. एकूण बारा लाख पौंड, म्हणजे माणशी १२० पौंड. शिवाय त्यांच्यात एकच गंभीर अपघात होतो, तीस लाख पौंडांचा. तो दहा हजारांत वाटला की माणशी ३०० पौंड. एकूण झाले ४२०.

दुसऱ्या बाजूला दहा हजार नवखे, सतरा ते वीस वयाचे. त्यांच्या किरकोळ धडका हजार. माणशी ३०० पौंड. आणि गंभीर अपघात चार. माणशी १२०० पौंड. एकूण १५००.

यावर कंपनीचा खर्च आणि नफा चढतो. वर ब्रिटनमधला विम्यावरचा कर, जो जून २०१७ पासून १२ टक्के आहे. बघता बघता आकडा दोन हजारांच्या पुढे जातो.

यात गंमत, खरं तर गंमत कसली, पण लक्षात घ्यायची गोष्ट ही आहे की पंधराशेपैकी बाराशे त्या चार गंभीर अपघातांचे आहेत. बंपर घासणं, आरसा तुटणं यानं फारसा फरक पडत नाही. दहा हजारांतले चार प्रसंग सगळ्यांचा प्रीमियम ठरवतात. बाकीच्या ९,९९६ मुलांना वाटतं, "आम्ही काय केलंय?" आणि त्यांचं चूक नसतं.

खरी परिस्थितीही याच दिशेची आहे. ब्रिटनमध्ये सतरा ते चोवीस वयोगटाकडे एकूण लायसन्सपैकी जेमतेम सहा-सात टक्के आहेत. पण मृत्यू किंवा गंभीर इजा झालेल्या कार अपघातांतले सुमारे एक पंचमांश बळी, जखमी आणि मृत मिळून, अशा अपघातांतले असतात जिथे या वयाचा कारचालक गुंतलेला होता. २०२३ च्या अखेरीस तिकडे विमा फारच महागला. दुरुस्ती, सुटे भाग, जुन्या गाड्यांच्या किमती, सगळंच वर गेलं होतं. तेव्हा सर्व वयांचं सरासरी कोटेशन हजार पौंडांच्या आसपास होतं, तर सतरा-अठराच्या मुलांचं तीन हजारांच्या आसपास. नंतर दर काहीसे उतरले, पण तफावत राहिलीच.

"पण माझा मुलगा तसा नाहीये हो"

हे वाक्य मी टेलिफोनवर किती वेळा ऐकलंय याची मोजदाद नाही. आणि बहुतेक वेळा आईवडील खरंच बोलत असतात.

अडचण अशी की कंपनीला ते कळायला मार्ग नाही. पंचेचाळीस वर्षांच्या माणसामागे वीस-पंचवीस वर्षांची नोंद असते. किती दावे केले, किती दंड झाले, किती वर्षं काहीच झालं नाही. सतरा वर्षांच्या मुलाची पाटी कोरी असते. कोरी पाटी चांगली असेल किंवा वाईट, ती वाचता येत नाही. मग कंपनी त्याच्या गटाकडे बघते आणि गटाचा दर त्याला लावते.

गटाचा दर जास्त का, तर त्याची दोन कारणं आहेत आणि ती वेगळी ठेवायला हवीत. एक वयाचं. जोखीम घ्यायची ओढ, मित्रांसमोर जरा दाखवायची खुमखुमी, रात्रीच्या चकरा. गाडीत बरोबरीची मित्रमंडळी असली की तरुण चालकाचा अपघाताचा धोका वाढतो, हे अनेक देशांत दिसून आलंय. दुसरं कारण अनुभवाचं. गाडी चालवणं म्हणजे क्लच-ब्रेक नाही. समोरची रिक्षा आता वळणार, बसच्या आडून कुणीतरी धावत येणार, हे आधी दिसणं म्हणजे चालवणं. ते सरावानंच येतं. लायसन्स मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने म्हणूनच सगळ्यात धोक्याचे.

या दुसऱ्या कारणामुळे पुण्याहून नोकरीसाठी गेलेल्या तिशीतल्या इंजिनियरलाही तिकडे महाग कोटेशन येतं. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. पुढे तिथली परीक्षा देऊन लायसन्स काढावं लागतं, आपलं लायसन्स थेट बदलून मिळत नाही. आणि इथला दहा वर्षांचा नो क्लेम बोनस बहुतेक कंपन्या तिकडे धरत नाहीत. वय तीस, पण पाटी कोरी.

मुलगा की मुलगी, यावरूनही पूर्वी दर ठरायचा. तरुण मुलींचे अपघात कमी, म्हणून त्यांना बराच स्वस्त विमा मिळायचा. मार्च २०११ मध्ये युरोपीय न्यायालयानं तो भेदभाव ठरवला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून तसे दर बंद झाले. म्हणजे लिंगावरून दर ठरवणं अन्यायाचं मानलं गेलं, वयावरून ठरवणं चाललं. का? एक युक्तिवाद असा की तरुणपण प्रत्येकाच्या वाट्याला येतं आणि सरतंही. आज जास्त भरणारा उद्या कमी भरतो. पण हे सगळीकडे मान्य नाही. अमेरिकेत हवाई राज्यात वयावरून कार विम्याचा दर ठरवायला बंदी आहे.

मग नागपूरच्या भाच्याला वय का नाही विचारलं?

आता घरी येऊ.

आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही. तो सरकार अधिसूचना काढून ठरवतं, विमा नियामक आयआरडीएआयच्या सल्ल्यानं. आणि खासगी कारसाठी तो ठरतो इंजिनच्या सीसीवर. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर बघा: १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, त्यावर ७,८९७ रुपये. वर जीएसटी.

बस्स. चालवणारा कालच अठरा वर्षांचा झालेला असो की साताऱ्याचे सत्तरीतले निवृत्त मास्तर, बाराशे सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपयेच. आपल्याकडे पॉलिसी माणसाची नसते, गाडीची असते. वैध लायसन्स असलेला कुणीही मालकाच्या परवानगीनं ती चालवू शकतो. आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक आहे, पण तिथंही बहुतेक ठिकाणी गाडीचं वय विचारतात, माणसाचं नाही.

म्हणजे नवख्या पोराची जोखीम नाहीशी झाली का? अजिबात नाही. ती सगळ्यांत वाटली गेली. साताऱ्याच्या मास्तरांच्या ३,४१६ मध्ये त्या पोराचा वाटा आहे. विमा सक्तीचा असल्यामुळे मास्तर "मी नाही भरत" म्हणून बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून ही व्यवस्था टिकते.

याचे फायदे आहेत, आणि ते मनापासून मान्य करायला हवेत. ज्या पोराचं पोट गाडी चालवण्यावर आहे, त्याला विम्यापायी दारं बंद होत नाहीत. ब्रिटनच्या खेड्यात जिथे बस दिवसातून दोनदा येते, तिथे मुलाला नोकरी गाडीशिवाय मिळत नाही आणि गाडी विम्याशिवाय चालवता येत नाही. पैसेवाल्याचा मुलगा तीन हजार पौंड भरून मोकळा होतो, गरिबाचा घरी बसतो. हा अन्यायच आहे.

पण आपल्या व्यवस्थेत एक गोष्ट हरवते. ती म्हणजे किंमत दिसणं.

भरपाईत वय मोजतात, प्रीमियममध्ये नाही

हे बघा. समजा बाराशे सीसीच्या एका कारनं दुचाकीवरच्या बावीस वर्षांच्या अविवाहित मुलाला धडक दिली आणि तो गेला. कारचालकाची चूक सिद्ध झाली. मुलगा खासगी ठिकाणी ठरावीक पगारावर, वर्षाला तीन लाख रुपये कमवत होता. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढेल?

सर्वोच्च न्यायालयानं यासाठी रीत घालून दिलीय, २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत. तीन लाखांत भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले ४ लाख २० हजार. अविवाहित म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचे निम्मे वजा, उरले २ लाख १० हजार. आणि याला वयाच्या गुणकानं गुणायचं. पंधरा ते पंचवीस वयाला गुणक १८ आहे, कमावत्या माणसासाठी सगळ्यात मोठा. उत्तर येतं ३७ लाख ८० हजार. अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा त्यावर वेगळ्या.

मरणाऱ्याचं वय आपण इतकं काटेकोर मोजतो. मारणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगमागच्या माणसाचं वय मात्र प्रीमियम ठरवताना कुणी विचारत नाही. आणि अपघातानंतरही विचारत नाही. नो क्लेम बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळतो. थर्ड पार्टीचा दर सरकारी, त्यामुळे आज कुणाला उडवलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा ३,४१६ च.

ताईंच्या घरी सव्वीसशे पौंडांचा कागद आला तेव्हा रात्री जेवताना त्याच्यावर बोलणं झालं असणार. कुणी चालवायची, कधी चालवायची, खरंच हवी का. नागपूरला तो कागद आलाच नाही. धोका तितकाच, कदाचित जास्त. २०२२ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर सुमारे १,७०० माणसं मेली. भारतात त्याच वर्षी १,६८,४९१. त्यातली दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस वयाची होती. आपली लोकसंख्या वीसपटीहून थोडी जास्त आहे, मृत्यू जवळपास शंभरपट.

स्वस्त पॉलिसीत काय नसतं

माझ्या टेबलावरची एक फाईल सांगतो. ओळख पटेल असं सगळं वगळून.

इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा. वडिलांची गाडी घेऊन चार मित्रांबरोबर रात्री साताऱ्याकडे निघाला. दारू नव्हती, लायसन्स वैध होतं. वळणावर गाडी सुटली आणि कठड्यावर गेली. मागे बसलेल्या एका मित्राचा पाय कायमचा गेला.

वडिलांनी, गाडी सात वर्षांची झाली म्हणून, पूर्ण पॉलिसी बंद करून फक्त थर्ड पार्टी ठेवली होती. वर्षाला काही हजार वाचत होते. त्यांना वाटत होतं, थर्ड पार्टी म्हणजे आपण सोडून बाकी सगळे. पण आपल्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी कारमधल्या प्रवाशांना संरक्षण नसतं. ते पॅकेज पॉलिसीत, म्हणजे लोक जिला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात तिच्यात येतं. भरपाई द्यायची ठरली ती मालकानं, म्हणजे वडिलांनी, स्वतःच्या खिशातून. जखमी मुलगा आणि चालवणारा मुलगा एकाच सोसायटीतले. दोन्ही घरं तारखेला एकाच बाकावर बसायची आणि एकमेकांशी बोलायची नाहीत.

त्या कुटुंबानं वाचवलेले पैसे मी हिशेबाला कधी धरले नाहीत. धरवलेच नाहीत.

तिकडे असाल तर: खर्च खरंच कसा कमी होतो

आता कामाचं बोलू. आधी ब्रिटनमधल्या श्रोत्यांसाठी.

पहिला उपाय ब्लॅक बॉक्स, म्हणजे टेलिमॅटिक्स. गाडीत एक डबी किंवा मोबाइलवर ॲप असतं. वेग, ब्रेक, वळणं, रात्रीचं चालवणं याची नोंद होते. मघाशी म्हटलं ना पाटी कोरी असते, तर ही पाटी लवकर भरायची सोय. मुलगा खरंच सांभाळून चालवत असेल, तर गटाच्या दरातून बाहेर पडायचा हाच रस्ता. पण वारंवार वेग ओलांडला तर प्रीमियम वाढतो, पॉलिसी रद्दही होऊ शकते. मुलाला हे आधी नीट सांगा.

दुसरा, गाडीची निवड. तिकडे गाड्यांचे एक ते पन्नास असे विमा गट असतात. गाडी बघायच्या आधी गट बघा. चकचकीत अलॉय किंवा इंजिनात केलेले बदल प्रीमियम वाढवतात, आणि ते लपवले तर दावा अडकतो.

तिसरा, अनुभवी नातेवाइकाला जादा चालक म्हणून पॉलिसीत घालणं. आई किंवा बाबा ती गाडी खरंच अधूनमधून चालवणार असतील तर हे रास्त आहे आणि बऱ्याचदा प्रीमियम उतरतो.

चौथा, वेळ. नूतनीकरणाच्या आदल्या दिवशी घेतलेला विमा महाग पडतो, साधारण तीन आठवडे आधी कोटेशन मागवा. जमत असेल तर वर्षाचे पैसे एकदम भरा, हप्त्यांवर व्याज लागतं.

आणि काय करू नका? आपल्या मंडळींमध्ये एक सल्ला फिरतो: "पॉलिसी बाबांच्या नावानं घ्या, मुलगा जादा चालक दाखवा." गाडी रोज चालवणार मुलगा आणि मुख्य चालक म्हणून दाखवणार बाबा, याला तिकडे "फ्रंटिंग" म्हणतात आणि ती फसवणूक धरतात. अपघात झाला तर कंपनी जखमीला पैसे देईल, पण नंतर तुमच्याकडून वसूल करेल. तुमच्या गाडीचे मिळणार नाहीत. पुढची कित्येक वर्षं "पूर्वी पॉलिसी रद्द झाली होती का?" या प्रश्नाला हो म्हणावं लागेल.

विम्याशिवाय चालवणं तर त्याहून वाईट. पकडलं की ३०० पौंड दंड आणि सहा पेनल्टी पॉइंट. आणि लायसन्स मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्सच रद्द. पुन्हा पहिल्यापासून परीक्षा.

इथे असाल तर

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी यादी छोटी आहे.

घरात अठरा-वीसचं पोर गाडी चालवणार असेल, तर गाडी कितीही जुनी असो, पॅकेज पॉलिसी ठेवा. कागद काढा आणि त्यावर "लायबिलिटी ओन्ली" लिहिलंय का ते बघा. मालक-चालकाचं सक्तीचं १५ लाखांचं अपघात संरक्षण मालक स्वतः चालवत असेल तेव्हाच लागू होतं, पोरगं चालवत असेल तेव्हा नाही. त्याच्यासाठी वेगळं अपघात संरक्षण घ्या. आपल्याकडेही जुलै २०२२ पासून नियामकानं "जितकी चालवाल तितकं भरा" आणि "जशी चालवाल तसं भरा" अशी जोडसंरक्षणं देऊ दिली आहेत, पण ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरतीच.

अठरा पूर्ण नसतील तर चर्चा संपली. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९अ वाचा. अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायची जबाबदारी पालकांवर. विनालायसन्स चालकाच्या बाबतीत न्यायालयं अनेकदा कंपनीला आधी पीडिताला द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. म्हणजे ते ३७ लाख फिरून तुमच्याच दारात.

आणि शेवटचं. जगात काही देशांनी किमतीऐवजी नियमानं हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलाय. न्यूझीलंडनं १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं. नवखा चालक रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं गाडी चालवू शकत नाही, सोबत अनुभवी माणूस लागतो. मित्रांना बसवायलाही बंधन आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. पण घरात नियम करायला कायदा कशाला हवा? पहिलं एक वर्ष, रात्री दहानंतर गाडी नाही. पहिले सहा महिने गाडीत एकापेक्षा जास्त मित्र नाही. मोबाइल डॅशबोर्डच्या कप्प्यात. आणि पाऊस असो, घाट असो, "आई, मला आता चालवायचं नाहीये, न्यायला या" असा फोन आला, तर प्रश्न न विचारता न्यायला जायचं.

तिकडे हा धोका आकड्यात लिहून पाकिटात घालून घरी पाठवतात. आपल्याकडे पाकीट येत नाही, म्हणून आकडा आपणच मनात धरायचा. कमी प्रीमियम म्हणजे कमी धोका नव्हे. बाकीचा हिशेब दुसरा कुणीतरी भरतोय, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या भागात नो क्लेम बोनसबद्दल बोलू: गाडी विकली तरी तो तुमच्याकडेच कसा राहतो आणि तो वाचवायला कुठला दावा करू नये. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत असली तर देवाची शपथ पूर्ण ऐकतो. भेटू. गाडी सावकाश चालवा.